एसपीएसएससाठी बेळगावला किती खेपा घालाव्या लागतील?

प्रश्न निपाणीजवळच्या खेड्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. एम.ए. अर्थशास्त्र, दुसरं वर्ष. एसपीएसएस म्हणजे पाहणीच्या आकड्यांचं विश्लेषण करायचं सॉफ्टवेअर. प्रश्न थोडक्यात असा: "लघुप्रबंधासाठी विडी कामगार बायकांच्या ११८ प्रश्नावल्या भरून घेतल्यात. गाईड म्हणतात ॲनालिसिस एसपीएसएसमध्येच करा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते आहे म्हणे, पण मला बेळगावला जाऊन यायला अख्खा दिवस लागतो. एक मित्र क्रॅक केलेली कॉपी देतोय. कॉम्प्युटर सेंटरवाले तीन हजारांत सगळं करून देतो म्हणतात. कोल्हापूर जवळ पडतं, तिथल्या ग्रंथालयात चालेल का? काय करू?"

वयानं माझ्या विद्यार्थिनींएवढी असशील म्हणून अगं-तुगं करतो. बेळगावात बावीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे, तरी लघुप्रबंधाचे दिवस आले की घरी पोरं फाईल घेऊन येतातच.

तुझा प्रश्न सॉफ्टवेअरचा दिसतो, पण खरं तर तो बसचा आहे. निपाणी ते बेळगाव पाऊणशे किलोमीटर. स्टँडवर थांबणं, तिथून पुढची सिटी बस हे धरलं तर जायला दोन-अडीच तास, यायला तेवढेच. म्हणजे ग्रंथालयात हाताशी उरणार चार तास. त्या चार तासांत काय करायचं आणि काय घरूनच करून न्यायचं, एवढं ठरलं तर एक खेप पुरते, फार तर दोन. नाही ठरलं तर महिनाभर जा-ये करशील आणि शेवटी त्या तीन हजारवाल्याकडंच जाशील. बघितलंय मी हे, दरवर्षी बघतो.

आधी ग्रंथालयात 'एसपीएसएस आहे' म्हणजे नेमकं काय असतं ते सांगतो. पुस्तक असतं तसं ते नसतं. नियतकालिकांचं वर्गणीचं पोर्टल असतं तसंही नसतं. केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना २०२५ पासून सुरू झाली. त्यामुळं पोरांना वाटतं, आता लॉगिन मिळालं की सगळंच घरबसल्या मिळणार. ती योजना संशोधनपत्रिकांची आहे, सॉफ्टवेअरची नाही. सॉफ्टवेअरचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं आणि त्याचे प्रकार असतात. एखादं लायसन्स एकाच संगणकाला बांधलेलं असतं: खिडकीजवळच्या तिसऱ्या मशीनवर चालतं, शेजारच्यावर नाही. एखादं नेटवर्कवरचं असतं: दहा मशीनवर दिसतं, पण एका वेळी पाचच जण उघडू शकतात, सहाव्याला नकार. कॅम्पसभरचं लायसन्स असलं तर उत्तम, पण ते महाग. शिवाय मुदत असते. वर्षाचं नूतनीकरण अडकलं की आयकॉन डेस्कटॉपवर राहतो आणि क्लिक केल्यावर 'लायसन्स संपलं' असं येतं.

यातलं तुझ्याकडं काय आहे हे मी इथून सांगू शकत नाही, म्हणून जायच्या आधी फोन कर. विचारताना "एसपीएसएस आहे का?" एवढंच विचारू नकोस, "आहे" एवढंच उत्तर मिळेल. किती मशीनवर आहे, आज चालू आहे का, कुठली आवृत्ती आहे, आधी नाव नोंदवावं लागतं का, पेनड्राइव्ह लावू देतात का, हे विचार. आणखी एक: बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर ग्रंथालयात नसून कॉमर्स नाहीतर संगणक विभागाच्या लॅबमध्ये असतं आणि ग्रंथालयाच्या फलकावर फक्त नाव असतं. काउंटरवर नवीन माणूस असेल तर त्यालाही माहीत नसतं. संगणक विभाग सांभाळणाऱ्या ग्रंथपालांनाच गाठ. ही माणसं फार उपयोगी असतात आणि पोरं त्यांना क्वचितच काही विचारतात.

कोल्हापूर तुला चाळीसेक किलोमीटरच आहे हे खरं. पण असं लायसन्स बहुधा त्या संस्थेच्या नोंदणीकृत विद्यार्थ्यांपुरतं आणि कर्मचाऱ्यांपुरतंच असतं. बाहेरचा वाचक म्हणून पुस्तकं वाचू देतील, प्रबंध चाळू देतील, त्यासाठी जरूर जा. विडी कामगारांवरचे जुने मराठी प्रबंध तिकडं जास्त सापडतील. सॉफ्टवेअरसाठी मात्र ती वाट धरू नकोस.

आता गाईड 'एसपीएसएसच' का म्हणतात? या पॅकेजच्या नावातच (स्टॅटिस्टिकल पॅकेज फॉर द सोशल सायन्सेस) सामाजिक शास्त्रं आहेत. १९६८ मध्ये ते सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांसाठीच निघालं. २००९ मध्ये आयबीएमनं विकत घेतलं. मेनूवर क्लिक करून तक्ता मिळतो, प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. आपल्याकडच्या दोन पिढ्या त्याच्यावरच शिकल्या, त्यामुळं तोंडात ते नाव बसलंय. झेरॉक्स म्हणतो ना आपण, कुठल्याही कंपनीचं मशीन असलं तरी, तसं. माझा अनुभव असा की दहातले आठ गाईड 'एसपीएसएस वापरा' म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं, 'हातानं टक्केवारी काढून आणू नका, नीट कसोट्या लावा.' उरलेल्या दोघांना खरोखर तेच हवं असतं. तुझे गाईड कुठल्यातले ते तुला ओळखावं लागेल. सरळ विचार: "सर, घरी जमोवीत करते, फाईल एसपीएसएसचीच बनवून आणते, शेवटचे तक्ते ग्रंथालयात एसपीएसएसवर काढते, चालेल?" याला नाही म्हणणारा गाईड मला अजून भेटायचाय.

जमोवी हे फुकट सॉफ्टवेअर आहे. आत आर या भाषेचं इंजिन आहे, बाहेरून एसपीएसएससारखी मेनूची मांडणी. ते एसपीएसएसची डॉट सॅव फाईल उघडतं आणि त्याच प्रकारात साठवूनही देतं. तुझ्यासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण घरचं काम आणि ग्रंथालयातलं काम एकाच फाईलवर चालतं. त्याचंच भावंड म्हणजे ॲमस्टरडॅम विद्यापीठाचं जॅस्प. जमोवी काढणारे आधी जॅस्पवरच काम करायचे. जॅस्पमधला 'ज' म्हणजे केंब्रिजचे शास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज. आपल्या कोल्हापूरचे वसंत शंकर हुजुरबाजार यांनी याच जेफ्रीजांच्या हाताखाली डॉक्टरेट केली आणि पुढं पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. वर्गात हे सांगितलं की पोरं जरा मान वर करायची.

तुझा लॅपटॉप जुना असेल, चार जीबीचा वगैरे, तर जमोवी उघडायला वेळ घेईल, पण ११८ ओळींना काही होत नाही. अगदीच दमत असेल तर पीएसपीपी घे. दिसायला रूक्ष आहे, पण हलकं आहे आणि एसपीएसएसचीच नक्कल म्हणून बनवलंय. आर थेट शिकायचं असेल तर पुढं पीएच.डी.चा विचार असला तरच आत्ता हात घाल. २००० च्या २९ फेब्रुवारीला त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली, तेव्हापासून जगभर पसरलंय आणि कायम फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर त्याचे धडे आहेत. पण लघुप्रबंध तोंडावर असताना नवीन भाषा शिकायला बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्टाटा, सॅस, ग्रेटल ही नावं ऐकशील, तुला आत्ता त्यांची गरज नाही.

क्रॅक कॉपीबद्दल फार उपदेश करत नाही. बेकायदेशीर आहे हे तुलाही माहीत आहे. व्यवहाराचं सांगतो. तसली कॉपी इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि तुझ्या त्याच लॅपटॉपवर ११८ बायकांची नावं, गावं, मिळकत आहे. माझ्याकडं आलेल्या एका मुलाच्या पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर व्हायरसनं शॉर्टकट होऊन बसले होते, प्रबंधाच्या दोन प्रकरणांसकट. दुसऱ्या दिवशी सादरीकरण होतं. त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून काय काय केलं ते सांगत बसत नाही.

तीन हजारवाल्याचं जरा वेगळं आहे. फॉर्म पाहून आकडे टाइप करून देणं ही मजुरी आहे, ती दिली तर माझी हरकत नाही, फक्त निम्मे फॉर्म स्वतः ताडून पाहा. पण कसोट्या आणि त्यांचा अर्थ विकत घेऊ नकोस. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक एका तक्त्यावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हे ०.०३ कशाचं?" तिथं गप्प उभी राहिलेली पोरं मी पाहिलीत, हुशार पोरं होती ती.

आता मुख्य काम: घरी काय करायचं. ११८ फॉर्म आणि समज प्रत्येकी ४० रकाने, म्हणजे ४,७२० चौकोन भरायचे. हे ग्रंथालयाच्या चार तासांत करायला बसणं म्हणजे बसभाडं वाया घालवणं. घरी एक्सेलमध्ये नाहीतर लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये भर. पहिल्या ओळीत रकान्यांची छोटी नावं, एका बाईची एक ओळ, आणि पहिला रकाना फॉर्म नंबरचा. तोच नंबर कागदावरच्या फॉर्मवरही पेननं लिही. हा नंबर विसरणारी पोरं पुढं रडतात.

मग गावांची, तालुक्यांची नावं. हे आपल्या भागाचं खास दुखणं आहे. जिल्ह्याचं नाव सरकारनं १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण लोकांच्या जिभेवर आणि लेखणीत सगळीच रूपं आहेत. एका मुलीची फाईल उघडून मी जिल्ह्याची वारंवारता काढली तर बेळगाव, बेळगावी, बेलगाम आणि बेलगावी असे चार जिल्हे आले. पाचवा होता 'बेळगाव'च, पण शेवटी एक रिकामी जागा सोडलेला. सॉफ्टवेअरला ते पाच वेगळे जिल्हे. चिकोडी-चिक्कोडी, निपाणी-निप्पाणी, तीच गत. म्हणून नावं टाइपच करू नकोस. वहीत आधी यादी कर: निपाणी १, चिक्कोडी २, हुक्केरी ३, असं. फाईलमध्ये फक्त आकडा टाक आणि आकड्यांना नावं सॉफ्टवेअरमध्ये एकदाच दे.

आकडे इंग्रजीच भर. देवनागरी किंवा कन्नड अंकात भरलेला रकाना आरमध्ये गेला की आकडा म्हणून ओळखलाच जात नाही. आणि श्रीलिपी किंवा नुडीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काही टाइप केलं असेल तर ते तुझ्या संगणकावर मराठी-कन्नड दिसेल, ग्रंथालयातल्या संगणकावर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. युनिकोडच वापर.

न मिळालेलं उत्तर रिकामं सोड, किंवा ९९ टाकलंस तर ९९ म्हणजे 'माहिती नाही' हे सॉफ्टवेअरला सांग. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या पाहणीत कॉलेजच्या ६० मुली होत्या. आठ जणींनी वय लिहिलं नव्हतं, तिथं मी ९९ टाकलं आणि विसरलो. बाकीच्या सरासरी वीस वर्षांच्या. तक्त्यात सरासरी वय आलं साडेतीस. माझ्या सरांनी चष्मा वर करून विचारलं, "पोरींची पाहणी केलीस की त्यांच्या आयांची?"

जमोवीत फाईल उघडलीस की प्रत्येक रकान्याचा प्रकार बघ. तीन वर्तुळांचं चिन्ह म्हणजे नुसती नावं, उदाहरणार्थ घरातली भाषा. चढत्या खांबांचं चिन्ह म्हणजे क्रम असलेले गट, उदाहरणार्थ शिक्षण. पट्टीचं चिन्ह म्हणजे मोजलेला आकडा, उदाहरणार्थ मिळकत. गाव १, २, ३ असं भरल्यावर सॉफ्टवेअर कधीकधी त्यावर पट्टी लावतं आणि मग गावाची सरासरी १.८ अशी काढून देतं. मागितलंस म्हणून देतं, त्याला काय कळतंय.

कसोट्या कुठल्या? तुझ्या विषयावरून माझा अंदाज: बचत गटाचं सभासदत्व आणि शिक्षण यांचा संबंध असेल तर काय-स्क्वेअर. सभासद आणि बिगरसभासद यांच्या मिळकतीतला फरक असेल तर टी-टेस्ट. मिळकतीवर वय, शिक्षण, विड्यांची संख्या यांचा एकत्र परिणाम हवा असेल तर रिग्रेशन. एम.ए.ला यापुढं जायची गरज बहुधा पडत नाही. काय-स्क्वेअर करताना 'एक्स्पेक्टेड काउंट'वर (संबंध नसता तर चौकोनात किती जणी आल्या असत्या ती अपेक्षित संख्या) टिक कर. शिक्षणाचे पाच गट आणि सभासद हो-नाही, म्हणजे दहा चौकोन झाले, आणि पदवीपर्यंत शिकलेल्या विडी कामगार बायका तुझ्याकडं दोन-तीनच असणार. अपेक्षित संख्या बऱ्याच चौकोनांत पाचच्या खाली गेली तर त्या कसोटीवर भरवसा ठेवता येत नाही. वरचे गट एकत्र कर. लहान संख्यांसाठीची फिशरची कसोटी हाही पर्याय आहे. एसपीएसएस दोन बाय दोनच्या तक्त्याला ती आपोआप देतं, त्याहून मोठ्या तक्त्याला मात्र 'एक्झॅक्ट टेस्ट्स' हा वेगळा विकत घ्यायचा भाग लागतो आणि तो ग्रंथालयाकडं असेलच असं नाही. आरमध्ये तीच फुकट होते.

घरचे आणि ग्रंथालयातले आकडे जुळले नाहीत तर घाबरू नकोस. सरासरी, काय-स्क्वेअर, सहसंबंध जुळायलाच हवेत. ते जुळले नाहीत तर फाईलमध्ये चूक आहे. पण चतुर्थकं (क्वार्टाइल, क्रमानं लावलेल्या आकड्यांचे चार भाग पाडणारे बिंदू) वेगळी येऊ शकतात. २, ४, ६, ८, १० हे पाच आकडे घे. पहिलं चतुर्थक आर ४ सांगतं, एसपीएसएस ३ सांगतं. दोन्ही बरोबर, मोजायची रीत वेगळी. टी-टेस्टचंही तसंच: एसपीएसएस दोन ओळी छापतं, थेट आरमध्ये केलंस तर ते न सांगता फक्त वेल्चची (दोन्ही गटांचं विचलन सारखं न धरणारी) देतं आणि ती एसपीएसएसच्या दुसऱ्या ओळीशी जुळते. परीक्षकांनी विचारलं तर हे एवढं सांगता आलं तरी पुरे.

आता ग्रंथालयाचा दिवस. ओळखपत्र आणि बोनाफाईड दोन्ही घे. फाईल पेनड्राइव्हवर आणि स्वतःला ईमेलनंही पाठवलेली असू दे. कागदावर तक्त्यांची यादी लिहून ने: तक्ता १ वयोगट, तक्ता २ शिक्षण आणि सभासदत्व, असं क्रमानं. यादी असेल तर पंधरा तक्ते तास-दीड तासात निघतात. यादी नसेल तर माणूस मेनू बघत बसतो. एसपीएसएसमध्ये प्रत्येक वेळी 'ओके' दाबण्याआधी 'पेस्ट' दाब. तुझी आज्ञा मजकूर म्हणून एका सिंटॅक्स फाईलमध्ये उतरते. पुढच्या खेपेला गाईडनी तीन फॉर्म वगळायला सांगितले तर ती फाईल पुन्हा चालवायची, पाच मिनिटांत सगळे तक्ते नवे.

निघताना निकालाची फाईल तशीच नेऊ नकोस. एसपीएसएसचं आउटपुट डॉट एसपीव्ही या प्रकारात साठतं आणि तुझ्या घरच्या लॅपटॉपवर ते उघडेलच असं नाही. तिथंच वर्डमध्ये आणि पीडीएफमध्ये एक्स्पोर्ट कर, उघडून बघ, मग मशीन सोड. सार्वजनिक संगणकांवर बहुधा रीस्टार्ट केलं की डेस्कटॉपवरचं सगळं पुसलं जाईल अशी सोय केलेली असते. जेवायला जाऊन आल्यावर वीज जाऊन आलेली असली तर संपलंच. दर अर्ध्या तासाला पेनड्राइव्हवर साठव.

लिहिताना दोन गोष्टी. तक्त्यात सिग्निफिकन्सखाली (म्हणजे पी, खरा संबंध नसतानाही एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) .००० दिसलं तर प्रबंधात 'पी बरोबर शून्य' लिहू नकोस, '०.००१ पेक्षा कमी' असं लिही. आणि पद्धतीच्या प्रकरणात सॉफ्टवेअरचं नाव व आवृत्ती दे, जमोवीचंही दे. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आणि हो, तू प्रश्नासोबत प्रश्नावलीचा फोटो टाकलायस, त्यात नवव्या प्रश्नात नुसतं 'मजुरी किती?' असं विचारलंय. विड्यांची मजुरी हजारी दरानं मिळते. कुणी हजाराचा दर सांगितला असेल, कुणी आठवड्याचे हातात आलेले पैसे. तो रकाना भरायच्या आधी पंचवीस-तीस फॉर्म काढून नुसते आकडे डोळ्यांखालून घाल. दोन वेगळे ढीग दिसले तर त्या बायकांकडं एकदा परत जाऊन विचार. त्यासाठी बेळगावची बस लागणार नाही, त्या तुझ्या गल्लीपासून लांब नाहीत.